राखणदार

हौसाबाईंच्या बांधावर गवताची काडी दिसायची नाही. सुनेनं एका कडेचं गवत राखलं होतं, तेही त्यांनी सकाळी खुरपून काढलं. “लोक आळशी म्हणतील आपल्याला!”

दुपारी ऊन मी म्हणत होतं. वांग्याच्या पानांमागे तुडतुडे माजले होते, पण ही कीड फस्त करणारे कोळी कुठेच दिसेनात.

पाणी प्यायला त्यांनी घागरीवरचं ओलं पोतं उचललं अन् त्या थबकल्या. पोत्याखालच्या गारव्यात कोळी दाटीवाटीनं बसले होते.

“दुपारचे ते गवतात बसायचे, आत्याबाई. ऊन उतरलं की शिकारीला निघायचे,” सून हळूच म्हणाली.

हौसाबाईंनी पोतं अलगद परत ठेवलं. तहान तशीच राहिली. उपटलेलं गवत कवेत घेऊन त्या बांधावर पसरू लागल्या.

शेजारीण हसली. “काय हो, बांधावर कचरा?”

“राखणदारांना सावली नको होय?”