सावलीतून उन्हात
शुभ्राला लहानपणापासून मधुमेह होता. उन्हात इन्शुलिन खराब होईल या भीतीने तिचे बाबा, नागेश, तिला शिडाच्या बोटीतून कधी नेतच नसत. आज मात्र त्यांनी बोटीच्या कठड्याला हुकांनी सौर पॅनेल अडकवलं, त्याला इन्शुलिनसाठी छोटा फ्रिज जोडला आणि आईसह तिघं शारजाहून निघाली. दुपारी भर समुद्रात फ्रिजचा दिवा विझला. “खलास! यल्ला, चला, परत फिरू,” नागेश म्हणाले. शुभ्राचा चेहरा पडला. आई उठून पॅनेलपाशी गेली. “अहो, यावर शिडाची सावली पडलीय!” दोघांनी हुक सोडवून पॅनेल उन्हाकडच्या कठड्याला लावलं. दिवा पुन्हा लागला. तरीही नागेशनी इन्शुलिनचं पेन काढून गालाला लावून पाहिलं. गार होतं. “बाबा, कॅन वी स्टे टिल सनसेट?” शुभ्राने भीतभीत विचारलं. “राहू या की!” म्हणत नागेश सकाळपासून पहिल्यांदाच पाठ टेकून बसले.