सहीच्या आधी

नोंदणी कार्यालयाच्या दाराशी राकेश उभा दिसला आणि निशिगंधाच्या मनात पाल चुकचुकली. आज सही आहे हे तिनेच त्याला सांगितलं होतं. ये म्हणून मात्र सांगितलं नव्हतं.

तिचा भाऊ धनेश आत नंबर लावून बसला होता. आंबिवलीच्या वडिलोपार्जित जमिनीतला आपला वाटा तिने आज भावाच्या नावे सोडायचा. मग ठाकुर्लीच्या चाळीतल्या राकेशशी लग्न लावून द्यायला घरचे तयार होते. गावातल्या बहिणी अशीच सही करत आल्या होत्या. सहीनंतर भावाने बहिणीला द्यायची साडीसुद्धा गाडीत तयार होती.

"सही करू नकोस," राकेश म्हणाला.

आलंच शेवटी, तिला वाटलं. नवा रस्ता तुमच्याच जमिनीतून जाणार का गं, असं मागच्या रविवारी यानेच सहज विचारलं होतं. तेव्हापासून ते 'सहज' तिला खुपत होतं.

"का रे? जमीन पाहिजे तुला?"

"मला? लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतो मी. भात लावता येतो का मला?"

"विकता तर येते ना जमीन."

त्याचं हसू मावळलं. "तुझी आहे ती, निशी. माझ्यापायी सोडलीस, तर उद्या भाजीत मीठ जास्त झालं तरी तुला ती जमीन आठवेल."

"गोड बोलतोस. सही नाही तर लग्न नाही, बाबांनी साफ सांगितलंय."

"मग नको करू लग्न माझ्याशी." त्याचा आवाज चिरकला. "पण सही नको करू."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. काही लपवलेलं सापडतंय का, ते शोधत होती. सापडेना. मनातला संशय मात्र काही गेला नाही; तो जागचा उठला आणि दुसऱ्याच दिशेला तोंड करून बसला.

"चल गो निशे, आपलाच नंबर!" आतून धनेशने हाक दिली.

ती आत गेली. "दादा, मी लग्न मोडलं. आत्ताच, बाहेर."

का मोडलं, तो काही बोलला का, तू रडलीस का, यातलं काहीही धनेशने विचारलं नाही. त्याची नजर टेबलापलीकडच्या कारकुनावर होती.

"बरं झालं एका अर्थी," तो म्हणाला. "तुला मस्त स्थळ बघू आपण. पण आता आलोच आहोत, तर सही करून टाकू ना."

कारकुनाने पुन्हा नाव पुकारलं. निशिगंधा भिंतीजवळच्या बाकावर बसली, चांगली ऐसपैस. मग दाराकडे मान वळवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"राकेश, आत ये रे. इथे पंखा आहे."