पेंटरचा साचा

"नऊ वर्षांपूर्वीचा एक्स-रे आणलात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. गुंडू पेंटरनं मान खाली घातली. छातीतली गाठ तेव्हाही एवढीच असेल, तर कॅन्सरचा घोर मिटणार होता. पण त्या फिल्ममध्ये अक्षरं कापून त्यानं पाट्या रंगवायचा साचा केला होता.

बायकोनं रॉकेलनं रंग पुसलेला साचा पिशवीतून काढलाच. बाईंनी तो उजेडासमोर धरला. 'येथे वाहन उभे करू नये' या अक्षरांखाली तोच गोल ठिपका होता. नव्या फिल्मशी ताडून त्या हसल्या. "साधी गाठ आहे. तसूभरही वाढलेली नाही."

गुंडूच्या जिवात जीव आला. बायको मात्र साच्याकडे बघत फणकारली, "ह्यांच्या पाटीला गावात कुणीच जुमानत नाही. गाठसुद्धा नऊ वर्षं खुशाल पाटीखालीच उभी!"