खाडा न्हाई

त्र्याण्णव साली सांगलीतल्या छापखान्यात संगणक आला आणि छपाईचे खिळे जुळवण्यात हयात गेलेल्या दस्तगीरचाचांना शेवटचं काम मिळालं, जुने शिशाचे खिळे वितळवायचं. कलकत्त्याच्या एका बंद पडलेल्या चिनी दैनिकाचे खिळेही मालकानं वजनावर आणले होते. त्यांत खिळ्यांचं जुळवलेलं एक पान तसंच दोऱ्यानं बांधलेलं निघालं.

चाचांना त्यातलं एकही अक्षर लागेना. कोपऱ्यातला अंकाचा क्रमांक मात्र ओळखीच्या इंग्रजी आकड्यांत होता, १८४०२.

दुसऱ्या दिवशी तिथं १८४०३ होता. दोऱ्याची गाठ तशीच, गाठीवरची धूळही तशीच.

तिसऱ्या दिवशी १८४०४.

"कुणीतरी चेष्टा करतंय, चाचा," तरुण मालक मिलिंद म्हणाला. "वितळवून टाका."

"आवं मालक, पन्नास वर्सं रोज निघालेला पेपर हाय ह्यो. आपल्या हातनं खाडा पाडायचा व्हय?"

मिलिंदनं स्वतःच दोरा कापला आणि खिळे कढईत लोटले. भर दुपारी शिसं पाण्यासारखं झालं. त्यानं चार गुळगुळीत लगडी ओतल्या, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

सकाळी त्यानंच कुलूप काढलं. चाचा मागं उभे होते.

चारही लगडी एकमेकींना खेटून होत्या, आणि त्यांवर मिळून एक अख्खं पान उठलं होतं. उलटी चिनी अक्षरं, नव्या ओळी, कोपऱ्यात १८४०५.

चाचांनी बाह्या सारल्या, रुळावर शाई घेतली आणि त्यांचा आवाज छापखानाभर घुमला,

"मालक, कागद आणा! खाडा न्हाई!"