सासूबाईंचं कमळ

रत्नप्रभाने माहेरून सकाळी दहाला उमलणाऱ्या ऑफिस टाइमच्या फुलांचं बी आणलं होतं, खसखशीहून बारीक. सगळीकडे सारखं पडावं म्हणून तिने ते वाटीभर पांढऱ्या रेतीत मिसळून ठेवलं. शिमग्याला गावी निघायच्या सकाळी सासूबाईंनी रांगोळी समजून नेमकी तीच वाटी उचलली आणि अंगणातल्या मातीवर, तुळशीपुढे, मोठ्ठं कमळ काढलं.

"अहो आई, त्यात माझं बी होतं!"

"मग आधी सांगायचं नाय? आता रांगोळी पुसून घर सोडतात काय? चल, गाडी चुकेल."

तुळशीला पाणी घालायला, अंगणात शिंपडायला शेजारची मालन होतीच. आंबे खाऊन दोघी वाकोल्याच्या चाळीत परतल्या, तेव्हा दहाच्या उन्हात ते अख्खं कमळ गुलाबी फुलांनी भरलं होतं.


सासूबाई कमरेवर हात ठेवून चाळीला ऐकवत होत्या, "बघा गो, हाताला वळण असलं की रांगोळी दोन महिने पुसत नाय!"