विणेकऱ्यांची मिठी

कंपनीच्या तपासणीत गणराजचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २४.६ आला. भिंतीवर परदेशातल्या मुख्य कंपनीचा तक्ता होता. त्यात पंचविसाच्या आतले सगळे हिरव्या रंगात. गणराज खूश.

"तो तक्ता तिकडच्या लोकांच्या अंगावरून बेतलाय, दादा," कंपनीच्या डॉ. मृदुला म्हणाल्या. "आपण तेविसालाच सावध व्हायचं. आपली चरबी पोटात साठते, शुगर कमी वजनातच गाठते. तुमची काठावर आलीच आहे."

एकादशीला चऱ्होलीच्या देवळात कीर्तन संपलं. रिवाजाप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडले, गळाभेटी झाल्या. म्हाताऱ्या अर्जुनरावांनी वीणा उतरवून गणराजला मिठीत घेतलं.

"माऊली, इथल्या तेविसात अन् तिथल्या पंचविसात अडकलोय. कुणाचं खरं मानू?" गणराजनं हसत सगळं सांगितलं.

अर्जुनराव हसले नाहीत. "लेका, तुला मिठी मारली की माजी बोटं तुज्या पाठीमागं एकमेकांत गुतायची. दोन वर्सं झाली, पुरत न्हाईत. तुज्या बापाचं बी असंच पोट सुटलं, अन् शुगरनं न्येला त्याला. तुला वाईट वाटंल म्हून बोललो न्हाई."

गणराज तेव्हापासून कंपनीच्या बसमधून दोन थांबे आधी उतरू लागला. एकादशीच्या साबुदाण्याचीही एकच वाटी.

सात महिन्यांनी एका एकादशीला कीर्तन संपलं, तेव्हा अर्जुनरावांची मिठी सुटेचना. बोटं गणराजच्या पाठीवर चाचपडत राहिली, आणि हळूच एकमेकांत गुंतली.

"पांडुरंगा," म्हातारा त्याच्या कानाशी म्हणाला, "गावला रं माजा पोरगा."