निशी वॉर्डाची पाहणी

"शी! बाबा, हात बाहेर काढा आधी!" राधिका ड्राइव्हवेवरूनच ओरडली.

तिचे सासरे गुरुनाथ समोरच्या घराच्या कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून वाकले होते. खांद्याला कापडी पिशवी. सगळं नोव्हाय गाव ऑफिसला निघालेलं असताना हे ध्यान!

"निशी वॉर्डाची पाहणी चाललीय," ते म्हणाले. "मिदोरी कालच झाला."

झालं, पुन्हा योकोहामा! जपानमधल्या तिथल्या कारखान्यात म्हाताऱ्याची वीस वर्षं गेली, पण ते शहर काही डोक्यातून जाईना. म्हणे, शहराचे अठरा वॉर्ड, प्रत्येकाचं वेगळं ऑफिस, वेगळा प्रमुख. इथे आल्यावर त्यांनी कॉलनीतल्या गल्ल्यांना निशी, मिदोरी अशी तीच नावं दिली आणि स्वतःच प्रमुख होऊन बसले. रोज एका वॉर्डातले डबे उघडायचे.

पाहणी कसली डोंबलाची! मिशिगनमध्ये कोल्ड्रिंकची रिकामी बाटली दुकानात परत दिली की दहा सेंट मिळतात. शेजारच्या नीनाने परवा विचारलंच होतं, "काका बाटल्या गोळा करतात का गं? पिशवी खळखळत असते त्यांची." राधिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"दहा सेंटसाठी लोकांचं उष्टं उपसता?"

गुरुनाथांनी वरच्या मजल्याकडे पाहिलं. तिथे त्यांचा मुलगा, राधिकाचा नवरा सिद्धेश दार लावून वर्क फ्रॉम होम करत होता.

"हो गं," ते म्हणाले. "सवय लागली."

पिशवीला उग्र, आंबूस वास येत होता. याच हातांनी हा माणूस आता पोळी मोडणार!

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगून टाकलं, "या घरात एक तर ते राहतील, नाही तर मी. किळस येते यार मला!"

तिला वाटलं, सिद्धेश भांडेल. परत पाठवायचं तर नागपुरात बाबांचं होतं कोण? पण तो मान खाली घालून म्हणाला, "तिकीट काढतो."

विमानतळावर गुरुनाथांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "सांभाळ रे," एवढंच म्हणाले. राधिका बाजूला उभी राहून हाताला सॅनिटायझर चोळत होती.

पुढच्या आठवड्यात कचऱ्याची गाडी यायच्या दिवशी तिने घरचा डबा ओढायला घेतला. एरवी हे काम गुरुनाथ करायचे. डबा जागचा हलेना. झाकण उघडलं तर तोच वास भसकन नाकात गेला. नाक दाबून तिने वरच्या काळ्या पिशवीची गाठ सोडली.

व्हिस्कीच्या रिकाम्या बाटल्या, काठोकाठ.

ती स्वतः दारूला शिवत नव्हती, आणि सासरे तर केव्हाच नागपूरला पोचले होते; शेजाऱ्यांच्या डब्यांत पिशवी रिकामी करायला आता कोणी नव्हतं.